बाळंतिणीची सोबत ही आरोग्यसेवाच आहे : महापालिकेच्या आरोग्य खात्यास खुले पत्र

प्रति,
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य खाते,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : साथरोगाच्या आराखड्यात स्तनदा मातांच्या मानसिक आरोग्याची तरतूद करण्याबाबत

महोदय,

करोनाच्या साथीत या शहरात कोण आवश्यक आणि कोण अनावश्यक याच्या याद्या निघाल्या होत्या. दूधवाला, वाणी, औषधविक्रेता, सफाई कामगार यांना त्या यादीत जागा मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. परंतु बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई आणि लेकीच्या बाळंतपणासाठी गावाहून निघालेली आई यांचा विचार त्या यादीत झाला नाही, आणि एरवी घरभेटीला येणारी आरोग्य स्वयंसेविका रुग्ण शोधण्याच्या कामाला जुंपली गेली. परिणामी हजारो बायका त्या काळात ओल्या अंगाने एकट्या पडल्या. बाळंतिणीची सोबत ही आरोग्यसेवा आहे, ती तोडली तर दूध आणि मन या दोन्हींवर एकाच वेळी परिणाम होतो, आणि म्हणून पुढच्या साथीचा आराखडा करताना तिला अत्यावश्यक सेवेत धरावे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उपनगरातल्या प्रसूतिगृहांत परिचारिका म्हणून मी नोकरीची सारी वर्षे काढली. निवृत्तीनंतर स्तनपानाच्या अडचणींत मातांना मार्गदर्शन करते. २०२० आणि २०२१ मध्ये हे काम जवळजवळ पूर्णपणे फोनवरच चालले, त्यामुळे त्या काळात बंद दारांआड काय चालले होते ते मला थोडेफार ऐकू आले.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि माहेरी जाणे शक्य नसेल तर आई किंवा मावशी सव्वा महिना येऊन राहते. या रीतीचा सरसकट गौरव करण्याचा माझा हेतू नाही. बाळाला चीक पाजू न देणाऱ्या आज्यांशी मी वॉर्डात भांडलेली आहे, आणि बंद खोलीतल्या शेगडीच्या धुराने खोकणारी बाळंतीणही मी पाहिली आहे. परंतु अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी आणि बाळंतशोपा यांच्या निमित्ताने एक अनुभवी बाई दिवसभर त्या नव्या आईच्या अवतीभवती असते, बाळ नीट लावून देते, रात्री एक वाजता ते रडू लागले की उचलून घेते आणि आईला दोन तास झोपू देते. सून किंवा लेक जेवत नाही, बोलत नाही, बाळाकडे पाहत नाही, हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात येते. वैद्यकीय भाषेत यालाच देखरेख म्हणतात. टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागू लागला, गृहनिर्माण संस्थांनी फाटकावरूनच मालिशवालीला परत पाठवायला सुरुवात केली, आणि ही देखरेख एका रात्रीत नाहीशी झाली.

स्तनपानाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी अनेकांना दूध येणे ही आपोआप घडणारी गोष्ट वाटते. बाळ ओढू लागले की आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढते आणि दूध तयार होते; परंतु तयार झालेले दूध बाहेर येण्यासाठी, म्हणजे पान्हा फुटण्यासाठी, ऑक्सिटोसिन लागते, आणि भीती, वेदना व ताण यांमुळे ते स्रवण्यात अडथळा येतो. दूध असते पण उतरत नाही. बाळ चिडते, आईला वाटते की आपल्याला दूधच नाही, घरात वरच्या दुधाचा डबा उघडला जातो, बाळ ओढायचे कमी होते आणि ओढणे कमी झाल्यामुळे मग दूध खरोखरच कमी होते. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा पिते. या प्रत्येक वेळी आपण कमी पडलो असे वाटणाऱ्या बाईच्या मनाची पंधरा दिवसांत काय अवस्था होत असेल, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

बाधित मातेला बाळापासून दूर ठेवावे की नाही, याबाबत सुरुवातीला जगभरच गोंधळ होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एप्रिल २०२० मध्ये तात्पुरते वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला होता आणि जुलैमध्ये तो बदलला. जागतिक आरोग्य संघटनेने २३ जून २०२० च्या आपल्या वैज्ञानिक टिपणात, मास्क लावून आणि हात धुऊन बाधित मातेने स्तनपान सुरू करावे व चालू ठेवावे, बाळाला तिच्याजवळच ठेवावे, असे स्पष्ट केले. आपल्या देशातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि नवजात शिशुतज्ज्ञांच्या संघटनांचा सल्लाही याच दिशेचा होता. नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी राखीव झाल्यावर तेथे बाधित मातांची शेकडो बाळंतपणे पार पडली, आणि जे कर्मचारी संरक्षक पोशाखात घामाने भिजत उभे राहिले त्यांच्याविषयी मला आदरच आहे. अडचण अशी की कागदावरचा सल्ला प्रत्येक लहान नर्सिंग होमपर्यंत पोहोचला नाही, आणि जिथे पोहोचला तिथेही वेगळे ठेवणे हेच सगळ्यांना सोयीचे वाटत राहिले.

अशाच एका खासगी ठिकाणच्या मातेने मला सांगितलेली हकीकत येथे देते. तिचा अहवाल बाधित आला, बाळाचा मात्र बाधित नव्हता, म्हणून बाळ वरच्या मजल्यावर गेले. तिसऱ्या दिवशी दूध भरून स्तन दगडासारखे घट्ट झाले, अंगात कणकण आली. तिने हाताने दूध काढून वाटीत धरले आणि ते बाळाला द्यावे म्हणून विनंती केली. ती वाटी वर नेण्याची जबाबदारी कुणाची, हे मात्र कुणालाच ठरवता आले नाही. शेवटी तिने बेसिनपाशी उभे राहून दूध पिळून टाकले, आणि दर दोन-तीन तासांनी तेच करत राहिली. त्याच वेळी वरच्या मजल्यावर तिच्या बाळाला पावडरचे दूध दिले जात होते. घरी आल्यावर बाळ अंगावर घेईना. ती मला म्हणाली, “ताई, त्याने मला ओळखलंच नाही.” बाळ आठवडाभर बाटलीच्या बुचाला सरावले होते, बाकी काही नाही, हे मला कळत होते, तिला ते पटायला फार दिवस लागले.

आई आणि बाळ एकत्र ठेवण्याचे मोल किती आहे, याचा हिशेबही उपलब्ध आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची, म्हणजे कांगारू पद्धतीची सेवा सर्वत्र दिली तर जगात १,२५,००० हून अधिक नवजात बाळांचे प्राण वाचू शकतात आणि त्यापुढे करोनाने होणाऱ्या नवजात मृत्यूंचा धोका अगदी थोडा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या आणि मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले. एका संसर्गाची भीती इतकी मोठी झाली की बाकीचे सगळे धोके आपल्याला दिसेनासे झाले.

रुग्णालयाबाहेरचे चित्र वेगळे होते, बरे मुळीच नव्हते. कुर्ल्याच्या एका चाळीतल्या मुलीचा फोन मला आजही लख्ख आठवतो. सासूला ताप आला म्हणून तिला अलगीकरण केंद्रात नेले होते, नवरा दुसरीकडे होता, मजला सील झालेला, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ती आणि तिचे नवजात बाळ. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन सारखा घसरत होता. मी पलीकडून सांगत होते, पाठीला उशी लाव, बाळाचे पोट तुझ्या पोटाला लागू दे, तोंड मोठे उघडले की मगच जवळ घे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे. दोन-तीनदा बाळ लागले आणि सुटले, मग एकदाचे नीट लागले आणि गिळल्याचा आवाज मला फोनवरही आला. आता हिला हायसे वाटेल, असे मी धरून चालले होते. ती शांतपणे म्हणाली, “हे पितंय ते ठीक आहे, पण मला याला हात लावावासाच वाटत नाही. हे कुणाला सांगायचं असतं?” मास्क, ताप, ऑक्सिजन, खाट, रुग्णवाहिका यांसाठी प्रत्येक विभागात वॉर रूम होती आणि तिचा क्रमांक मला पाठ होता. या प्रश्नासाठी कुठला क्रमांक द्यावा ते मला ठाऊक नव्हते. ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंना रात्री फोन करून मी तिची गाठ घालून दिली. ओळख नसलेल्यांनी काय करायचे?

हा प्रश्न अपवादात्मक नाही. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्याकडे सुमारे २२ टक्के मातांना बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा त्रास होतो, आणि हा आकडा साथ येण्याच्या आधीचा आहे. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. नैराश्य ओसरत नाही. ते महिनोन्महिने राहते, आणि घरचे त्याला “नाटक” किंवा “बाहेरचे काही” म्हणत राहतात. हजारात एखाद-दुसऱ्या मातेला पहिल्या काही दिवसांतच तीव्र मनोविकाराचा झटका येतो, ती बरळते, झोपत नाही, भलत्या शंका घेते. ती तर तातडीने रुग्णालयात न्यायची अवस्था असते. हे सारे ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. १९८७ मध्ये एडिनबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते, आणि तिच्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये “माझे कुटुंब, माझी जबाबदारी” मोहिमेत आपल्या स्वयंसेविकांनी घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला, मधुमेह आणि रक्तदाब विचारला. त्या दारात बाळ घेऊन उभ्या असलेल्या बाईला आणखी दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता?

येथे एक गोष्ट मला माझ्याच क्षेत्रातल्या लोकांना ऐकवायची आहे. दर वर्षी १ ते ७ ऑगस्टला आपण स्तनपान सप्ताह साजरा करतो, भित्तिपत्रके लावतो, आईचे दूध अमृत असल्याचे सांगतो. ते खरेच आहे. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होत असताना जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतली जाणारी बाळे ४१.८ टक्केच आहेत. म्हणजे आई आमच्या ताब्यात असतानाच आम्ही तिला मदत करण्यात कमी पडतो, आणि नंतर भित्तिपत्रकावरून तिला कर्तव्याची आठवण देतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातील सुमारे १४,००० बाळंतपणांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात असे दिसले, की अंगावर पाजायचे ठरवूनही ज्यांना ते जमले नाही, त्या मातांमध्ये नैराश्याचा धोका सर्वांत जास्त होता. तेव्हा मदतीविना दिलेला उपदेश हा निरुपद्रवी नसतो. ज्या बाईला सर्व प्रयत्न करूनही पाजणे शक्य होत नाही, तिला वाटी-चमच्याने सुरक्षितपणे कसे पाजावे हे निमूटपणे शिकवावे आणि तिच्या मातृत्वाचा हिशेब मांडू नये.

असाच दुसरा गैरसमज औषधांचा आहे. नैराश्यावरचे औषध सुरू करायचे तर दूध तोडावे लागेल, असे अजूनही अनेकींना सांगितले जाते, आणि मग त्या बहुधा औषधच सोडतात. वस्तुतः सर्ट्रालिनसारखी औषधे दुधात फार कमी प्रमाणात उतरतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्तनपानाबरोबर चालतात. हे आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला माहीत असायला हवे.

लशीच्या बाबतीतही आया ताटकळत राहिल्या. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा चाचण्यांत समावेश नसल्यामुळे स्तनदा मातांना वगळण्यात आले. त्यांनी लस घ्यावी असा निर्णय केंद्राने १९ मे २०२१ रोजी जाहीर केला, म्हणजे दुसऱ्या लाटेचा कहर होऊन गेल्यावर. मधल्या काळात करोना वॉर्डात काम करणाऱ्या आणि घरी तान्हे बाळ असलेल्या परिचारिकांनी काय करायचे होते? काहींनी दूध तोडले, काहींनी पाजतो हे लपवून लस घेतली, काही लशीविना ड्युटी करत राहिल्या. लोकलचेही तसेच. ऑक्टोबर २०२० मध्ये महिलांना ठरावीक वेळांत प्रवासाची मुभा मिळाली आणि पुढच्याच महिन्यात सोबत लहान मूल नेण्यास मनाई झाली. गर्दीचे कारण समजण्यासारखे आहे. तरीही तान्ह्या बाळाची आई या शहरातून कशी फिरते, याची कल्पना नियम करणाऱ्यांना नसावी असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता मागण्यांकडे येते. पहिली आणि मुख्य मागणी सोबतीची. साथरोगाच्या कोणत्याही आदेशात प्रत्येक बाळंतिणीसाठी एक व्यक्ती, मग ती आई असो, सासू असो वा नवरा, अत्यावश्यक मानली जावी. तिला प्रवासाची परवानगी, प्रसूतीच्या वेळी आत राहण्याची मुभा आणि सील केलेल्या इमारतीत ये-जा करण्याची सोय मिळावी, आणि तिच्यासाठी मास्क व चाचणीची व्यवस्था खात्याने करावी. ज्या कायद्याखाली २०२० चे निर्बंध लागले तो साथरोग कायदा १८९७ मध्ये याच शहरातल्या प्लेगमुळे जन्माला आला. अधिकार त्यात भरपूर आहेत. सवलतीचा हा एक परिच्छेद आदेशात घालण्यास कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. त्याचबरोबर आई आणि बाळाला वेगळे ठेवायचे झाल्यास त्याचे वैद्यकीय कारण लेखी नोंदवावे, दर दिवशी त्याचा फेरविचार व्हावा, आणि तोवर काढलेले दूध बाळापर्यंत नेण्याची जबाबदारी नाव घालून एका कर्मचाऱ्यावर सोपवावी. ती वाटी कुणी न्यायची, हा प्रश्न पुन्हा पडू नये. हे बंधन खासगी नर्सिंग होमनाही लागू असावे, कारण त्यांची नोंदणी आपल्याच खात्याकडे होते.

दुसरी मागणी साथ नसतानाचीच आहे, आणि ती आजपासून सुरू करता येईल. बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींसाठी आई स्वतः आरोग्य केंद्रात येते. बाळाचे वजन होते, कार्डावर नोंद होते, लस टोचली जाते, तापाचे औषध दिले जाते आणि आई घरी जाते. तिच्याकडे कुणी पाहत नाही. याच तीन भेटींत तिला मनाविषयीचे प्रश्न मराठीतून आणि गरजेप्रमाणे हिंदी-उर्दूतून, सासूला बाहेर बसवून विचारावेत, आणि गरज दिसल्यास केईएम, शीव, नायर किंवा कूपर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच आठवड्याची वेळ ठरवून द्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. तो माता-बाल कार्डावर ठळक छापला तर फारसा खर्च नाही.

शीव रुग्णालयाने १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी, म्हणजे मातांनी दान केलेले दूध गरजू बाळांसाठी साठवणारी पेढी, उभी केली, याचा आम्हा मुंबईकर परिचारिकांना फार अभिमान आहे. साथीत दात्या माताच रुग्णालयापर्यंत पोहोचू शकत नसतील तर दूध गोळा करून आणण्याची पर्यायी सोय आराखड्यात असली पाहिजे. टाळेबंदीत काही वस्त्यांमध्ये शिध्याच्या पिशव्यांबरोबर पावडरच्या दुधाचे डबेही वाटले गेले. वाटणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९९२ च्या कायद्यानुसार अनाथालये वगळता अशा दुधाचे दान करता येत नाही, हे विभाग कार्यालयांनी मदत करणाऱ्या मंडळांना आधीच लेखी कळवावे.

शेवटची मागणी खर्चाची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार उपचारासाठी दाखल झालेल्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः दूर करता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई-बाळाचा स्वतंत्र विभाग चालतो. आपल्या एका तरी मोठ्या रुग्णालयात पाच-सहा खाटांचा असा विभाग व्हावा, म्हणजे बरे होण्यासाठी आईला बाळाला आणि दुधाला मुकावे लागणार नाही.

प्रशिक्षणाला माणसे कुठून आणायची, असा प्रश्न आपल्यापुढे येईल. आम्ही काही निवृत्त परिचारिका त्यासाठी तयार आहोत. लसीकरणाच्या दिवशी केंद्रात येऊन स्वयंसेविकांबरोबर बसू, प्रश्न कसे विचारायचे ते दाखवू. मानधनाची अपेक्षा नाही. आडोसा असलेली एक जागा आणि दोन खुर्च्या मिळाव्यात, आणि कोणत्या केंद्रापासून सुरुवात करायची ते आपण लेखी कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
भांडुप, मुंबई